शारोलेची वासरं

फ्रान्समधल्या शारोले भागातल्या पांढऱ्या गाई पूर्वी कुरणातच व्यायच्या. मांस वाढवणारी नवी लस आली आणि वासरं इतकी आडदांड निपजू लागली, की पोट कापल्याशिवाय एकही बाहेर येईना. जनावरांच्या डॉक्टर मृण्मयी सबनीस आजही तेच काम उरकून हात धूत होत्या. गोठ्याची मालकीण मार्गो शेजारी उभी होती. तिला सातवा महिना लागला होता.

"डॉक्टर, माझी सोनोग्राफी बघता? बाळ चांगलं गुटगुटीत आहे म्हणतात."

मृण्मयीबाईंनी फोटो उजेडात धरला. बाळाच्या मांडीवर खोल घळ होती, जणू एकाच मांडीचे दोन भाग. अशी मांडी त्यांनी फक्त इथल्या वासरांची पाहिली होती.

"लस कोण टोचतं?"

"मीच. एकदा गाय उसळली आणि सुई माझ्या हातात घुसली. का हो?"

मृण्मयीबाईंनी मार्गोच्या प्रसूतिगृहाला फोन लावला आणि सुईची हकिकत सांगितली.



"अशा मांड्यांची बाळं आम्ही महिनाभर बघतोय," पलीकडची डॉक्टर म्हणाली. "पण त्यांच्या आया शहरातल्या आहेत. त्यांनी कधी गोठा पाहिलेलासुद्धा नाही; गाय पाहिली ती फक्त ताटात."