उजवीकडचा आवाज

"दोन हेल्मेटमध्ये बसवायचा इंटरकॉमचा जोड दाखवा," काउंटरवर हात आपटत बाप म्हणाला. "मी बोललो की थेट याच्या कानात गेलं पाहिजे. मध्ये वाराबिरा नको."

त्याच्या कोपराला पट्टी होती. काल दोघे बापलेक आपापल्या मोटरसायकलवरून गॅरेजांना सुटे भाग पोचवायला निघाले होते. वळणावर बाप डाव्या बाजूनं पुढे येत होता. त्यानं हॉर्न वाजवला, हाका मारल्या. तरी मुलानं गाडी डावीकडेच घेतली आणि बाप गाडीसकट चरात गेला.

"मुद्दाम केलं यानं," बाप दुकानाच्या मालकीणबाईंना सांगू लागला. "एका कानानं ऐकायचं, दुसऱ्यानं सोडून द्यायचं, ही लहानपणापासूनची खोड. आता स्वतः बाप झाला, तरी मी घसा फोडतोय आणि हा ढिम्म!"

"डावीकडून घुसायचं कशाला?" मुलगा म्हणाला.

"वर तोंड करून मलाच शिकव."

मुलानं बापाकडे पाहिलंच नाही. "बाई, मला एकाच बाजूचा द्या. उजव्या."

"काही नको," बाप म्हणाला. "अर्धवट वस्तू घ्यायची नाही. दोन्ही कानांचा दाखवा, चांगला मोठ्या आवाजाचा."

बाईंनी दोघांच्या हेल्मेटमध्ये चपटे स्पीकर बसवले, माइक ओठांसमोर येईल असा वाकवला. मुलानं हेल्मेट डोक्यात घातलं.

"आधी डावीकडून गाणं लावते," त्या म्हणाल्या. "डाव्या कानात ऐकू आलं की हात वर करा."

मुलगा उभा राहिला. बाईंनी आवाज वाढवला. आणखी वाढवला. आता गाण्याची कुरकुर बाहेर त्यांनाही ऐकू येऊ लागली. मुलाचे हात खालीच होते.

"अरे, हात वर कर की!" बाप खेकसला. "बहिरा आहेस का?"

मुलानं हेल्मेट काढलं.

"हो. डाव्या कानानं."

बाप हसला. "ऐका! शाळेत असताना पोहायला गेला होता, कानात पाणी गेलं. आईनं डॉक्टरला दाखवलं, तेव्हाच बरं झालं ते."

"आईनं तुम्हाला तसं सांगितलं."

"मग खरं काय?"

"मला पोहता येत नाही, बाबा."

बापाचा उजवा हात अजून काउंटरवर होता. रुंद, जाड बोटांचा. मुलानं एकदाच त्या हाताकडे पाहिलं. बापानं तो उचलला आणि कुठे ठेवावा ते न कळून खिशात घातला.

"मला कधी कुणी बोललं का?" तो म्हणाला. "एका घरात राहून मला पत्ता नाही?"

"तुम्हाला सांगायचं म्हणजे दुसरा कान पुढे करायचा."

बाईंनी घसा खाकरला. "सगळा आवाज उजवीकडे वळवता येतो यात," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "वळवलाय बघा. काका, तुम्ही दारापर्यंत जा आणि काहीतरी बोला."

करायला काहीतरी मिळालं, तसं बापानं आपलं हेल्मेट डोक्यात कोंबलं, काच खाली ओढली आणि दाराशी जाऊन पाठ करून उभा राहिला. मुलानंही हेल्मेट घातलं.

बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. चढावर चालून आल्यासारखा. मुलानं नकळत मान किंचित उजवीकडे कलती केली. मग आवाज आला, हळू, आणि इतका जवळून की बाप इतक्या जवळ कधी आला होता हे मुलाला आठवेना.

"तू तेव्हा उलट बोलला होतास."

मुलगा थांबला. अजून काही येईल असं त्याला वाटलं.

"आणि एकच दिली होती," बाप म्हणाला. "एका थोबाडीत कुणी बहिरं होत नसतं. आमच्या बापानं तर आम्हाला..."

मुलानं हेल्मेट काढून काउंटरवर उलटं ठेवलं.

"जोड नको," तो बाईंना म्हणाला. "नुसता रस्ता सांगणारा एक द्या. त्यात दुसरं कुणी बोलता कामा नये."

बाईंनी फळीवरून एक खोकं काढून त्याच्यासमोर सरकवलं. तो ते उघडून बघू लागला.

दाराशी बाप पाठमोराच होता. मघाशी खिशात घातलेला हात आता बोलता बोलता हवेत वरखाली होत होता. उलट्या हेल्मेटमधून त्याचा बारीक, चिलटासारखा आवाज येत राहिला. बाईंनी एकदा मुलाकडे पाहिलं, हेल्मेट जवळ ओढलं आणि बटण दाबलं.