एकच पिशवी फुगलेली

पिठाची पोती, गॅसच्या टाक्या, रेनकोट, सगळं बोटीत चढलं होतं. उद्यापासून तीती पक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम. दीड महिना त्या ओसाड बेटावर काढायचा. शिकार साठवायच्या पिशव्या तेवढ्या बांधायच्या राहिल्या होत्या. समुद्रशेवाळाच्या रुंद पानांत तोंडानं हवा भरून, गाठ मारून जानेवारीच्या, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्याच्या, उन्हात वाळवलेल्या पिशव्या. रिपेका एकेकीची हवा सोडून गुंडाळत होती. एकीला मात्र तिनं हातच लावला नव्हता.

"आई, ही फुगलेलीच नेतेस का? मग मी कुठं बसू, तुझ्या डोक्यावर?" तिचा लेक तेओने हसला. "आणि किती वाकडी गं! फुगवली कुणी?"

"तुझ्या बाबांनी. दम लागायचा, तरी थांबत थांबत, एका हट्टानं."

फेब्रुवारीत बाबा गेले, तेव्हा तेओने मासेमारीच्या जहाजावर भर समुद्रात होता. परतला तोवर माती देऊन झाली होती. नाकाला नाक टेकवून, श्वासात श्वास मिसळून घ्यायचा, त्यांच्या रीतीचा निरोप राहूनच गेला होता.

रिपेकानं ती पिशवी अलगद उचलून त्याच्या चेहऱ्यापाशी धरली.

"ये, नाक टेकव," ती म्हणाली, आणि हळूच गाठ सोडली.