तिच्या वाट्याचे वाल

"आक्का, बियाण्याला भुंगा लागला म्हणे?" धाकटी जाऊ दारातूनच बोलली.

लागला होता. राखेत ठेवायचा आळस केला आणि सासूबाईंनी माहेराहून आणलेल्या तांबड्या वालाचं मडक्यात पीठ झालं. असा वाल पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाकडे नव्हता. मरताना त्यांनी बी दोघींना वाटून घ्यायला सांगितलं होतं. एकीचं गेलं तर दुसरीचं राहील म्हणून.

वाटून मीच दिलं. तिचा वाटा आधी उकळत्या पाण्यातून काढला, वाळवला, मग हसत तिच्या ओंजळीत घातला. वेल फक्त माझ्या मांडवावर चढायला हवा होता. एवढी मी नीच.

तिने पदराची गाठ सोडली. राखेने माखलेले वाल. "निम्मे पेरले, एक उगवेल तर शपथ! माझी मातीच दळभद्री. हे निम्मे जपले. म्हटलं, तुझे कधी गेले तर असावेत."

मी नको म्हणेपर्यंत तिने मांडवाखाली आळं उकरलं, एकेक बी दाबलं, पाणी घातलं.

"शेंगा वाळल्या की मूठभर मला दे हां, आक्का."

"देईन की," मी म्हणाले.