समोरचा दात

"दुपारपर्यंत होऊन जाईन ना, मॅडम?" प्रज्वलनं विचारलं. "संध्याकाळी आसेगावले पोचाचं हाय. हिच्या भावाचं साक्षगंध हाय उद्या."

त्याची बायको साधना खुर्चीत आडवी झाली होती. तिच्या वरच्या, अगदी समोरच्या दाताचा कोपरा तिरका उडाला होता. डॉक्टर रुचानं दिवा जवळ ओढला.

"कशानं तुटला, ताई?"

"ऊस सोलत होती दातानं," उत्तर प्रज्वलनं दिलं. "मी मनलं होतं, विळ्यानं सोल. आयकत नाही."

साधना छताकडे पाहत राहिली.

साखरपुड्या-लग्नांच्या दिवसांत कारंज्याच्या या दवाखान्यात अशी माणसं नेहमीच येत. फोटोत दात दिसतो, तेवढा नीट करून द्या म्हणत. रुचानं तुटक्या कडेवरून बोट फिरवलं. कड अजून धारदार होती. थंड हवेचा झोत सोडला, तरी कळ आली नाही. दात पक्का होता, हलत नव्हता. खालचे दात त्यावर आदळत नव्हते. दाताच्या रंगाचा मसाला थरावर थर लावायचा, निळ्या दिव्यानं घट्ट करायचा, घासून चमकवायचा. बाँडिंगसाठी याहून सोपा दात तिनं बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

मग कापसाची गुंडाळी ठेवायला तिनं ओठ हलकेच उलटवला. आतून तो फाटून नुकता सांधत आला होता. ऊस सोलताना ओठ असा फाटत नाही.

"एक्स-रे काढायचाय," ती प्रज्वलला म्हणाली. "तुम्ही जरा बाहेर थांबा."

"मी इथंच थांबतो ना. कोपऱ्यात."

"नाही, बाहेरच थांबावं लागतं."

तो गेला. जाताना दार त्यानं पूर्ण लावलं नाही. रुचानं ते लावून घेतलं आणि साधनाच्या तोंडातला कापूस काढला.

"ऊसच होता का?"

साधनानं दाराकडे पाहिलं. मग अगदी हळू आवाजात तिनं उलट विचारलं, "मॅडम, हे तुमी लावलं का मंग दात मोडला होता हे कोणाले कळन काय?"

"नाही. जवळून पाहिलं तरी कळणार नाही."

"माझ्या मायले?"

"आईला पण नाही."

साधना उठून बसली. गळ्याभोवतीचा कागदी रुमाल तिनं स्वतःच सोडला.

"मंग नोको."

रुचानं हातातला कापूस ट्रेमध्ये ठेवला.

"मायचा फोन आला का हे स्पीकरवर ठेवाले लावतात. बाजूलेच बसून राह्यतात. मी काय सांगू?" साधनानं जिभेनं तुटका कोपरा चाचपला. "तिले एकडाव पाहू द्या फक्त. मी नोको मनलं असं सांगू नोका, मॅडम. तुमीच सांगा त्याईले, जमत नाही मनून."

बाहेरून दारावर टकटक झाली.

रुचानं दार उघडलं. एक्स-रे काढलाच नव्हता. रिकाम्या पडद्याकडे प्रज्वलचं लक्ष जाऊ नये म्हणून ती मध्ये उभी राहिली.

"बाँडिंग यांना योग्य नाही," ती म्हणाली. "निदान आज तरी नाही."

"काहून?"

"दात हलतोय. आता मसाला लावला तर धरणार नाही. आधी मूळ घट्ट होऊ द्यावं लागेल."

प्रज्वल साधनाकडे पाहत होता. "काल फोनवर तर तुमच्या इथल्या पोरीनं सांगतलं, एका बैठकीत होऊन जाते."

"तिनं दात पाहिला नव्हता."

"हिनं काई सांगतलं काय तुमाले?"

"तोंडात कापूस होता. काय बोलणार?"

तो हसला. आवाज त्याचा एकदाही चढला नव्हता. टेबलावर मास्कचा डबा होता. त्यातला एक त्यानं न विचारता उचलला आणि साधनासमोर उभा राहिला. एक दोरी तिच्या एका कानामागे अडकवली, दुसरी दुसऱ्या. अडकलेले केस बोटानं मोकळे केले. नाकावरची पट्टी दोन्ही अंगठ्यांनी नीट दाबून बसवली. तेवढा वेळ साधनानं डोळे मिटून घेतले होते.

"कोणी विचारलं तर दाताचं काम चालू हाय मन," तो तिला समजावल्यासारखं म्हणाला. "मॅडमनं काढू नोको मनलं."

"मी असं म्हटलेलं नाही," रुचा म्हणाली. "आणि जेवताना तो काढावाच लागेल."

"जेवताना?" प्रज्वलनं मान तिरकी केली. "दात हलून राह्यला ना, मॅडम? तुमीच तर सांगतलं आता. मंग ती जेवन कशी?"

रुचा आपल्याच बोलण्यात अडकली होती. दात पक्का आहे असं आता म्हणावं, तर तो म्हणणार, मग लावा मसाला. आम्ही बसतो.

"चाल," प्रज्वल म्हणाला आणि दाराकडे वळला.

साधना खुर्चीवरून उतरली. पायांनी चपला शोधल्या, घातल्या. पदर सारखा केला. ती जागची हलली मात्र नाही.

"मी जेवीन," ती म्हणाली. मास्कमुळे आवाज दबका आला, पण दोघांनाही ऐकू गेला. "मायजवळ बसून जेवीन."

दाराच्या मुठीवरचा हात प्रज्वलनं काढला आणि तो सावकाश मागं वळला.