पाचव्या हातातला टपालवाला

“गुडघा डावा की उजवा?” गिलेननं विचारलं.

“उजवा,” लुडोविक म्हणाला. “पण फक्त जिना उतरताना. चढताना तो बरा असतो.”

गिलेन मॉन्ट्रियलमधल्या एका छोट्या व्हिडिओ गेम कंपनीची मालकीण. गुडघा होता तिच्या गेममधल्या टपालवाल्याचा. कुत्र्याला सोबत घेऊन तो बर्फातून घरोघर पत्रं पोचवायचा. गेम लोकांना फार आवडला होता, आणि तीच पंचाईत होती. डाउनलोड केलेला गेमही खेळून झाल्यावर दुसऱ्याला विकता येईल, असा कायदा आला होता. एकानं घ्यायचा, खेळायचा, निम्म्या किमतीत पुढे ढकलायचा. नवा घेणार कोण? कंपनीतली अर्धी माणसं घरी बसली होती. उरलेल्यांना नाताळपर्यंतची मुदत होती. लुडोविक उरलेल्यांतला.

“जुनी गाडी स्वस्त का मिळते?” गिलेननं सगळ्यांना विचारलं होतं. “खडखडते म्हणून. आपला गेम खडखडत नाही, एवढंच त्याचं चुकतं.”

म्हणून ठरलं, की दर फेरविक्रीला टपालवाला थोडा म्हातारा होणार. हे म्हातारपण तयार करायचं काम लुडोविककडे आलं. त्यानं आधी टपालवाल्याचे केस पांढरे केले. गिलेन म्हणाली, हा म्हातारा नाही, अंगावर मैदा सांडलेला तरुण आहे.

मग लुडोविक वडिलांकडे गेला. फेर्नां मेट्रोचे निवृत्त चालक, पण जीव सगळा चर्चच्या सभागृहातल्या हौशी नाटकांत. मुलाची अडचण ऐकून त्यांना हुरूपच आला. म्हणाले, राजा केला, चोर केला, म्हातारा तेवढा करायचा राहिला होता. ते त्र्याहत्तर वर्षांचे होते.

“तू नुसता बघत राहा, लुडो,” ते म्हणाले.

मग दर रविवारी दुपारी लुडोविक शहरातल्या व्हर्दन भागात त्यांच्या घरी जायचा. फेर्नां बाहेरच्या लोखंडी जिन्यावरून लंगडत उतरून दाखवायचे. बोलता बोलता त्यांना धाप लागायची. लुडोविक फोनवर सगळं टिपून घ्यायचा.

हळूहळू ते भूमिकेत शिरले. एकदा दोन पायांत दोन वेगळे बूट घालून त्यांनी दार उघडलं. एकदा लुडोविकला स्वतःच्या मेलेल्या भावाच्या नावानं हाक मारली, आणि जेवण संपेपर्यंत ते नाव सोडलं नाही. एकदा कॉफीत मीठ घातलं आणि अर्धा कप पिऊन टाकला.

“पपा, हे जरा अति होतंय,” लुडोविक हसत म्हणाला.

फेर्नांनी कपात बघितलं. थोडा वेळ बघतच राहिले. मग उठले आणि पडदा पडताना नट वाकतात तसे वाकले. लुडोविकनं टाळ्या वाजवल्या.

सगळं गेममध्ये गेलं. दुसऱ्या हातात, म्हणजे एकदा विकला गेल्यावर, टपालवाला लंगडायचा. तिसऱ्या हातात जिन्याच्या मध्यावर थांबून आपण वर चाललोय की खाली, हे आठवत बसायचा. चौथ्यात पत्रं भलत्याच दारात टाकायचा. पाचव्या हातात तो कुत्र्याचं नाव विसरायचा, आणि कुत्रा बर्फात बसून हाकेची वाट बघायचा.

गिलेननं तो प्रसंग पाहिला आणि उठून खिडकीशी गेली. तिथूनच तिनं विचारलं, हा नट कुठून आणलास, मानधन किती मागेल? मटारच्या सूपवर भागतं, असं लुडोविकनं सांगितलं.

नवी आवृत्ती बाजारात आणायच्या धावपळीत त्याचे बरेच रविवार बुडाले. पण जमलं. जुन्या प्रती पडून राहिल्या. तसला टपालवाला कुणालाच घरात नको होता. लोक चार पैसे जास्त टाकून नवा, तरणाताठा घेऊ लागले. शहरातल्या बाकीच्या कंपन्यांनीही घाईघाईनं आपापले नायक म्हातारे करायला घेतले. नाताळच्या आधी गिलेननं जाहीर केलं, की आता कुणालाही घरी बसावं लागणार नाही.

त्याच दुपारी लुडोविक केक घेऊन व्हर्दनला गेला. फेर्नांनी दार उघडलं. त्यांनी टाय लावला होता.

“पपा, वाचलो आपण,” त्यांना मिठी मारत लुडोविक म्हणाला. “आता नाटक बंद. आजपासून तुम्ही परत तरुण.”

फेर्नांनी केक घेतला, आभार मानले, त्याला बसायला खुर्ची दिली. मग दाराकडे एकदा बघून आवाज खाली आणला.

“तुम्ही बसा ना. माझा मुलगा येईलच एवढ्यात. त्याच्या नोकरीसाठी मी सगळं विसरल्याचं सोंग करत असतो. तुम्ही तेवढं मधेच हसू नका.”