पलंगांमधली चार बोटं

“टेप जरा सैल धरा ना, मॅडम,” अधीक्षिकाबाई हसत म्हणाल्या. मी बालगृहांची तपासनीस. नियमाने दोन पलंगांमध्ये तीन फूट हवेतच, नाहीतर एकीचा गोवर सगळ्यांना. मी टेप ताणली. चार बोटं कमी पडली. “एक पलंग काढा,” मी म्हटलं. बाईंचं हसू मावळलं. “म्हणजे एक पोर काढा. शेवटी आलेली ही धाकटी जाईल परगावच्या बालगृहात; तुमच्या चार बोटांपायी!” धाकटीचा हात धरून तिची ताई पुढे आली. “मॅडम, आमचे पलंग जोडा ना. मग मध्ये जागाच लागणार नाही.” घरी माझी लेक माझ्या कुशीतच झोपते. “तसं चालत नाही गं, बाळा,” म्हणत मी अहवालावर सही केली. ताई धाकटीच्या फ्रॉकांच्या घड्या घालू लागली. “तिथले पलंग मोजलेत ना, मॅडम? नाहीतर हिला तिथूनही काढाल.”