कोपऱ्यातला फोटो

"अजून लहान करा, निलमताई," किंजल म्हणाली. "कोपऱ्यात कुठेतरी दिसला तरी पुरे."

पडद्यावर किंजलच्या लग्नाचं शूटिंग थांबलेलं होतं. वरच्या कोपऱ्यात तिच्या आईचा, शांतीचा, जुना पासपोर्ट फोटो. एडिटिंग करणाऱ्या निलमने फोटोचं स्केल, म्हणजे आकार, पन्नास टक्क्यांवरून तीसवर आणलं.

"दिसलाच नाही तर ठेवायचा कशाला?" मागच्या खुर्चीवरून नारू म्हणाला. "पन्नासच राहू दे, बाय. आणि हार घाल."

निलमने स्केल पुन्हा पन्नास केलं.

किंजल ही आगर गावच्या नारूची एकुलती एक मुलगी. ती चार वर्षांची असताना शांती खाडीवर कालवं काढायला गेली, ती परत आलीच नाही. बरोबर तिची बहीण भिकी होती. ती शांतीची रिकामी टोपली तेवढी घेऊन आली. प्रेत काही मिळालं नाही. २०१६च्या उन्हाळ्यात या गोष्टीला अठरा वर्षं झाली. नारूने दुसरी बायको केली नाही. गावात त्याचं कौतुक होतं.

दोन दिवसांनी निलम डहाणूच्या आपल्या दुकानात एकटीच कामाला बसली होती. अक्षता पडताना फोटो नवरीच्या डोक्यावर येत होता, म्हणून ती तो उजवीकडे सरकवू लागली. सरकवता सरकवता तो मांडवाच्या खांबाशी उभ्या असलेल्या एका बाईवर आला. निलमचा हात थांबला.

फोटोतल्या शांतीची डावी भुवई जुन्या खोकेने मधोमध तुटली होती. खांबाशी उभ्या बाईचीही तशीच.

निलमने फोटो अर्धा पारदर्शक केला, थोडा मोठा केला आणि त्या बाईच्या चेहऱ्यावर बसवला. डोळ्यांवर डोळे आले. ओठांवर ओठ. फक्त खालच्या बाईचे केस पिकलेले होते.

भर दुपार होती. तरी तिने उठून दुकानाचं दार सताड उघडलं.

मग तिने सगळं शूटिंग पहिल्यापासून पाहिलं. ती बाई आणखी दोनदा सापडली. दोन्ही वेळा कडेला, डोक्यावरून पदर ओढलेला. नजर नवरीकडे नव्हती. नारू जिथे जाई, तिथे ती नजर जात होती.

निलमने नारूला फोन करून बोलावून घेतलं.

तो पडद्याजवळ वाकला. "शांतीच," तो हळू म्हणाला. "लेकीच्या लग्नाला आईचा जीव येतो म्हणतात."

"मेलेलं माणूस म्हातारं होतं का, काका?"

नारूने खुर्ची पुढे ओढली. "मोठं कर."

तिने स्केल दोनशे केलं.

"वर घे. अजून वर."

चेहरा पडद्याबाहेर गेला. बाईच्या हातातली कापडी पिशवी मधोमध आली. अक्षरं फुटली होती, तरी वाचता येत होती. कुठल्याशा किराणा दुकानाचं नाव, त्याखाली गावाचं: वेवजी, ता. तलासरी.

"आता सगळी दिसू दे," नारू म्हणाला. "एक प्रिंट काढ. देव्हाऱ्यात ठेवतो."

प्रिंट त्याने रुमालात नीट गुंडाळली. "किंजलला बोलू नकोस, पोर घाबरेल. हिला व्हिडिओतून काढ."

निलमने तिन्ही ठिकाणी चित्र मोठं केलं आणि कडेला सरकवलं. खांब गेला, बाई गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी किंजल एकटीच आली. "पप्पा तलासरीच्या पहिल्या एसटीने गेले. काय काम ते सांगितलं नाही. मला दाखवा, मीच बघून घेते."

अक्षतांपाशी तिने व्हिडिओ थांबवायला लावला.

"इथे खांब होता ना? खांबाजवळ एक बाई होती."

निलम जरा घुटमळली, मग तिने सगळं सांगून टाकलं. चेहऱ्यावर चेहरा बसवून पाहिला ते, नारूने पिशवी वाचली ते, प्रिंट नेली तेही. "घाबरू नकोस," ती म्हणाली. "आईचा जीव आला असेल, असं काका म्हणाले."

किंजलने फोन काढून एक नंबर लावला. वेवजीला रेंज नव्हती. तिने पुन्हा लावला, पुन्हा लावला, मग फोन मांडीवर ठेवला.

"त्या दिवशी भिकीमावशीने आईला आधी गाडीत बसवून दिलं, मग टोपली घरी आणली," ती म्हणाली. "आई मेली असं पप्पांना सांगितलं, म्हणून तर ती जिवंत राहिली."